अर्ध्यावर ठेवायचं बटण

तुर्भे,
४ ऑक्टोबर १९८४

चि. अरविंद,
सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे ठीक आहोत, असं लिहायची हाताला सवय आहे, म्हणून लिहून गेलो. सोलापूरच्या ऑर्केस्ट्रात तुझा जम बसलाय, असं आपल्या ढोलकीवाल्या शिवाने सांगितलं. आईचे गुडघे दुखतात. माझं रेडिओदुरुस्तीचं दुकान मी वाशीला नेलंय, हल्ली टीव्हीच जास्त येतात. बोनकोड्याची सगुणाआत्या तुझी आठवण काढते.

बाबांचं पुढे लिहितो. आधी तुझ्या गिटारच्या त्या फझच्या पेटीचं.

मागच्या वर्षी भीमजयंतीच्या आदल्या दिवशी तू ती माझ्याकडे आणलीस. "दादा, पायाने खटका दाबला की गिटारचा आवाज कसा फाटून मस्त येतो, पण लहान होतो. बटण फुल केलं तरी ढोलकीखाली जातो." मी पेटी उघडली. व्हॉल्युमच्या बटणापर्यंत आवाजच कमी पोचत होता. मी एक रेझिस्टर बदलला, खरखरणारा जुना कंट्रोल काढून नवा बसवला आणि वाजवून पाहिलं. दुकानातली काच थरथरली. बटण अर्ध्यावर ठेवलं तरी आधीच्या दुप्पट आवाज.

तुला म्हणालो, "सुटलेली वायर जोडलीय." अर्ध्यावर ठेव, हे सांगितलं नाही. स्टेजवर तुझं तोंड कसं होईल, ते मला बघायचं होतं. एवढंच होतं रे मनात.

दुसऱ्या दिवशी स्टेजवर तू नेहमीसारखं बटण फुल केलंस. बाबा दुसरं कडवं गात होते. तू खटका दाबलास आणि त्यांचा आवाज नाहीसाच झाला. त्यांनी जोर लावला, तर गळा फाटला. पुढची पोरं हसली, शिट्ट्या मारून "गिटार! गिटार!" ओरडली. तू डोळे मिटून वाजवत होतास, तुला काही दिसलं नाही. मला दिसत होतं. अँप्लिफायर माझ्यापुढे होता, हात बटणावर होता. मी आवाज कमी केला नाही. माझ्या हातचं काम वाजत होतं, अरविंद. छाती फुगली होती माझी. बाबांनी माईक खाली ठेवला, तेव्हा कुठे मी बटण फिरवलं.

घरी बाबा तुला म्हणाले, "बापाचा आवाज गाडून टाळ्या घेतल्यास." तू रडवेला होऊन म्हणालास, "मी रोजच्यासारखंच ठेवलं होतं. दादा, तू तरी सांग ना!" आणि मी जमिनीकडे बघत म्हणालो, "मी फक्त वायर जोडली." तू माझ्याकडे बघितलंस. चार दिवसांनी घर सोडून गेलास.

त्यानंतर बाबा गायले नाहीत. गावातले लोक तुला नावं ठेवत राहिले. पण बाबांचा घसा जयंतीआधीच्या थंडीपासूनच बसत होता, ते लपवत होते. या जूनमध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी घशात गाठ सांगितली, उशीर झालाय म्हणाले. आवाज गाठीने गेला होता, तुझ्या गिटारने नाही.

जुलैमध्ये मी त्यांच्याशेजारी बसून सगळं सांगितलं. मला वाटलं, मारतील. फुसफुसत म्हणाले, "मग मला काय सांगतोस? त्याला लिही. ये म्हणावं."

तुझा पत्ता शिवाने जूनमध्येच आणून दिला होता. मी लिहिलं नाही. बाबा रोज विचारायचे, "टाकलंस?" मी म्हणायचो, "हो." मग दाराशी सायकल थांबली की पोस्टमन समजून मान उचलायचे. शेवटी विचारायचंही बंद केलं. "रागावलाय, बरोबर आहे त्याचं," एवढं एकदा म्हणाले.

गेल्या रविवारी, ३० तारखेला सकाळी बाबा गेले.

तार करायला गेलो, फॉर्म हातात घेऊन परत आलो. आई सगळ्यांना सांगत होती, "पत्र धाडलं तरी बाप मरताना आला न्हाय, मेला तो मला." ते ऐकवेना. काल तिला खरं सांगितलं. तिने हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "माझ्यासमोर बसून लिही. आणि पोस्टाच्या पेटीत मी टाकनार."

ती समोर बसलीय. १४ तारखेला, रविवारी बाबांच्या पुण्यानुमोदनाचा विधी आहे. तिला तू हवा आहेस. माझं तोंड बघायचं नसेल, तर मी त्या दिवशी आत्याकडे बोनकोड्याला जाऊन राहीन. पण जाण्याआधी जमलेल्या सगळ्यांपुढे उभा राहून हेच सांगेन. तू आलास तरी, नाही आलास तरी.

तुझ्यावर आळ येऊ देऊन गप्प बसलेला,
पोपट