चिंचीचं सलाईन

३ फेब्रुवारी २०१८

सुई आरपार गेली! कातडीची घडी एका बाजूने टोचली, दुसऱ्या बाजूने बाहेर. सगळं पाणी माझ्या पदरावर. जगनने चिंचीला टॉवेलात गुंडाळून धरलं होतं. म्हणाला, "मांजराला लावतेस की साडीला?" हसले. मग त्याच्यावरच ओरडले.

दुसऱ्यांदा बरोबर गेली. शंभर मिली. बाटली कॅलेंडरच्या खिळ्याला. पाठीवर पाण्याचा फुगा आला, तो हळूहळू पुढच्या पायात उतरला. चिंची लंगडत पलंगाखाली गेली.

पेणचे डॉक्टर म्हणाले होते— "सतरा वर्षांचं मांजर. दोन्ही किडन्या गेल्यात. सलाईनवर महिना, फार तर दोन. नाहीतर एक इंजेक्शन. झोपेत जाईल. ठरवा आणि सांगा."

मी सलाईन लावायला शिकून आले. ठरवायचं नव्हतं म्हणून.

४ फेब्रुवारी

माशाचं पाणी चार चमचे. वजन दोन किलो शंभर.

६ फेब्रुवारी

आज पहिल्याच टोचण्यात जमलं. आई, माझ्या सासूबाई, दारात बसून बघत होत्या. त्यांना शहाऐंशीव्या वर्षी ऐकू कमी येतं, पण नको ते बरोबर येतं.

"इंजेक्शन म्हंजे मारायचंच ना गो?"

जगन म्हणाला, "झोपेत जातं, आई. त्रास नाय."

"मारलंच ते. मांजर मारलं तं काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतंय."

"सोन्याचा भाव ऐकलायस का?"

"म्हणून तं सांगते, मारू नका!"

तिघंही हसलो. हसता हसता लक्षात आलं— हे मीही मानते. शाळेत मराठी शिकवते. अंधश्रद्धेवर दरवर्षी निबंध लिहून घेते. तरी मानते.

९ फेब्रुवारी

सुया स्टीलच्या डब्यात ठेवते. आज सकाळी पोह्यांचा डबा उघडला. तसाच आवाज! चिंची धडपडत उठली आणि पलंगाखाली घुसली. भिंतीला नाक लावून बसली. पोहे झाले, खाऊन झाले, तरी तिथेच.

सतरा वर्षं माझ्या पायांवर झोपली. आता पाऊल ऐकलं की पळते. पळते कसली— सरपटते.

मी तिचे दिवस वाढवते आहे. कसले दिवस?

११ फेब्रुवारी

तीन उलट्या. अंथरुणात लघवी. आईंनी चादर धुवायला घेतली. मी हात लावला तर म्हणाल्या, "तू वह्या तपास."

१२ फेब्रुवारी

डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी उचलला. मी ठेवून दिला.

१४ फेब्रुवारी

सलाईनचा दिवस. डबा काढला, परत फळीवर ठेवला.

"आज टोचणार नायस?" आई.

"नाही."

"बरं केलंस." मग— "तुला बघून पळतंय गो ते. माझ्याजवळ येतंय. मी टोचत नाय ना."

टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

जेवताना म्हणाल्या, "उद्या नेऊ पेणला. मी पण येते."

त्या तीन वर्षांत अष्टमीचा पूल ओलांडून रोह्यालासुद्धा गेलेल्या नाहीत!

"आणि पाप?" मी विचारलं.

"मला लागू दे. तुला अजून लई वर्षं काढायचीत, सरू. माझ्या नावावर आधीच ढीग हाय. त्यात एक मांजर."

"कसला ढीग, आई?" जगन.

"तुला जन्म दिला, तो एक!"

तो हसला. मग उठून हात धुवायला गेला, लवकर आला नाही.

मी डॉक्टरांना फोन केला. या वेळी मी बोलले.

१५ फेब्रुवारी

सकाळची पेणची गाडी. जगन दिवसपाळीला, रजा मिळाली नाही. टोपली नेली होती, पण चिंची आईंच्या मांडीवर, लुगड्याच्या पदरात. निडी स्टेशनला तिने डोळे उघडले. कासू येईपर्यंत आई तिच्याशी बोलत होत्या. काय, ते ऐकू आलं नाही.

डॉक्टरांनी कागद पुढे केला. मालकाची सही. मी पेन उचललं. आईंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही, शेवटची कधी केली कोण जाणे. धों. डु. बा. ई. दोन मिनिटं लागली. डॉक्टर थांबले.

"टोचा आता. मी सांगितलंय. तिनं नाय."

चिंचीने मान आईंच्या हातावर टाकली. माझा हात तिच्या मागच्या पायावर होता. तिने पाय काढून घेतला नाही. साडेअकरा वाजले होते.

संध्याकाळी जगनने परसात खड्डा केला. खूप खोल केला. पुरे म्हटलं तरी खणत होता.

१६ फेब्रुवारी

सकाळी चहा पिताना आई मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या वेळेला असा कागद आला तं सही तू कर. जगनला जमायचं नाय. तो टोचायला लावत बसेल."

हो म्हटलं.

शाळेला दहा मिनिटं उशीर झाला.