मागच्या गेटचा रस्ता

अप्पा, डॉक्टरांनी तुमचं तळलेलं बंद केलं, तेव्हापासून तुम्ही डब्यातली अर्धी भाकरी राखून ठेवायचात आणि सुट्टी झाली की कापडाच्या मागापाशी उभ्या उभ्याच खायचात. मग सायकल मागच्या गेटनं, खड्ड्यांच्या रस्त्यानं. पुढच्या गेटला अक्कलकोट रोडवर भज्यांचा गाडा होता ना. मी कॅरिअरवर आदळत बसलेलो. मागनं कोणीतरी ओरडायचंच, "काय अप्पा, गाड्यावर सासरा बसलाय काय, तोंड चुकवताय?"

मीही एकदा विचारलं, "गाड्याला भिता व्हय?"

"भितो की. म्हणून तर लांबनं जातो."

"तितं जाऊन नको म्हणायचं."

"तितं गेल्यावर कोण नको म्हणतंय? हितनंच ठरवून निघायचं. पोटात भाकर असली की नाक गप बसतंय."

तुम्ही गेलात, गाडा अजून आहे. मिरच्या तशाच, वर मीठ भुरभुरलेल्या. परवा दोन प्लेट खाल्ल्या. असो, ते सांगायचं नव्हतं.

मी आता त्याच अक्कलकोट रोडला दुसऱ्या कारखान्यात मागांची दुरुस्ती शिकतोय. आमचे जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, म्हणतात, दिवाळीपर्यंत टिकलास तर माग तुझ्या हवाली करतो. टिकलास तर! वैरागचं दुकान सोडलं, माळशिरसचा ट्रॅक्टर सोडला, मी कुठं एका जागी दिवाळी बघितलीय? आणि उद्या सकाळी मित्र गाडी घेऊन गोव्याला चाललाय. हॉटेलात काम, समोर समुद्र. मागच्या खेपेला त्यानं तिथनं फोनवर लाटांचा आवाज ऐकवला, मी परत ऐकव म्हणालो. अक्का म्हणाली, "जा की, कोण धरलंय? पण परत आल्यावर हितं कोण उभं करतंय बघ."

म्हणून तुमच्यासारखं आधीच करून ठेवलं. बॅग अक्काच्या कपाटात, कुलूप तिचं. जॉबरना म्हणालो, उद्या कारखाना मी उघडतो, किल्ली द्या. आता मी गेलो तर सकाळच्या पाळीची सगळी माणसं बाहेर उन्हात उभी राहतील. ते म्हणाले, "झोप लागंल ना रे तुला?" हसत म्हणाले, पण बरोबर बोलले. दुपारपासून हात सारखा खिशातल्या किल्लीकडं जातोय. अप्पा, ठरवल्यावर तुमची धडधड थांबायची का? ते तुम्ही कधी बोलला नाहीत.

हे कोण वाचणार नाही म्हणून सांगतो. मित्राला मी नको म्हणालेलो नाही. जाताना कारखान्यावरनं ये, एवढंच म्हणालोय.