पदरावरचे पतंग

मंगळवार, पलसाण्याच्या साडी मिलमधून घरी आल्या आल्या.

तोरणमाळच्या रानात मला एक पतंग किडा दिसला होता. फुलपाखराएवढा, हिरवा-निळा, घासलेल्या धातूसारखा चकाकणारा. साडीच्या पदरासाठी मी त्याचं चित्र काढलं आणि मिलमधल्या मोठ्या डिझायनरने, जिग्नेशभाईंनी, ते स्वतःचं म्हणून शेठना दाखवलं. वर मला म्हणाले, "बेन, तुम्ही फक्त रंग भरा."

भरले. तोच हिरवा-निळा. पण चित्र आपलं वाटावं म्हणून त्यांनी पतंग फिरवून डोकी पदराच्या टोकाकडे केली होती. पदर खांद्यावरून मागे पडला की सगळे उलटे लटकणार! साडी नेसणाऱ्या कुठल्याही बाईला हे कळतं. मलाही कळलं. मी गप्प बसले. वाईट वाटतंय का? छे.

आज पहिली साडी पुतळ्याला नेसवली. ती हिरवी-निळी झळाळी, आणि सगळे पतंग डोकं खाली, मेल्यासारखे. शेठ ओरडले, "ही डिझाइन कुणाची?"

जिग्नेशभाई पटकन म्हणाले, "या बेनची."

सगळ्यांसमोर म्हणाले.

"हो शेठ, माझीच," म्हणत मी पिशवीतलं मूळ चित्र काढून टेबलावर ठेवलं. त्यात सगळी डोकी खांद्याकडे आहेत.