बगळ्याचा डोळा

बाबा,

रोह्याच्या चाचींचं जपानी ताट काल मुंबईच्या संग्रहालयाचा माणूस बघून गेला, आणि त्याने तुम्हाला पकडलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पकडलं.

ताट तुम्हाला आठवत असेलच. चाचींचे सासरे बोटीवर कामाला होते, त्यांनी तिकडून आणलेलं, परातीएवढं. त्यावर तीन बगळे (असतील करकोचे, चाची बगळेच म्हणतात), त्यातला एक थेट काठापर्यंत मान ताणलेला, बाकी लाल फुलं आणि सोनेरी वेल. आपल्याकडे पेणला ते लाकडी स्टँड करून घ्यायला आलं होतं. कारखान्यात गणपती रंगाला लागले होते, आणि तुम्ही डोळ्यांची आखणी अर्धी टाकून ताट उन्हात धरून मला शिकवत बसलात. निळा रंग आधी, त्यावर काचेसारखी झिलई, मग भट्टी; लाल आणि सोनेरी मात्र झिलईच्या वर चढवून पुन्हा भाजलेले. म्हणून सोनं हाताने झिजतं, निळ्याला काही होत नाही. "दोनदा आगीतून गेलंय. आपली माती एकदापण जात नाय," असं म्हणताना तुमच्या आवाजात चक्क हेवा होता.

दुसऱ्या दिवशी मी ते मागच्या नळावर धुवायला घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. वीस वर्षांची घोडी होते, पण मला त्या सोन्याची चमक बघायची होती. ताट निसटलं, नळावर आपटलं आणि काठाचा टवका उडाला, बगळ्याच्या डोक्यासकट. तुकडा मोरीत गेला. मी तुम्हाला येऊन सांगितलं, "ते तसंच आलं होतं." तुम्ही ताटाकडे बघितलंच नाही, माझ्या ओल्या बाह्यांकडे बघितलं. "ताट निसटत नाय गो, हात निसटतो," एवढंच म्हणालात. शिव्या दिल्या असत्यात तर परवडलं असतं. मग प्लास्टर भरून, घासून, तुम्ही त्या बगळ्याला नवं डोकं रंगवलंत आणि वर वॉर्निश दिलंत. चाचींच्या हातात ताट देताना तुम्ही नुसतं स्टँडबद्दलच बोलत राहिलात. मी दाराआड उभी होते आणि सुटले म्हणून खूश होते. त्या खुशीची मला अजून लाज वाटते.

ताट आता सासऱ्यांच्या नावाने संग्रहालयाला द्यायचं म्हणून काल चाचींनी मला मुद्दाम बोलावलं, "भाऊंच्या घरचं माणूस पायजे" म्हणून. तुम्हाला त्या अजून भाऊच म्हणतात. तो माणूस ताट उलटं करतो, पाठीवरचे भट्टीतल्या आधाराचे बारीक ठिपके, अस्सल कामाची खूण, बघून खूश होतो. मग सुलटं करून भिंग लावतो आणि थांबतो. "इथे कोणी काम केलंय का?"

"नाय," चाची म्हणतात. "पेणला एकदा दिलेलं, भाऊंनी जसं होतं तसंच परत दिलं. त्यांच्या हाताला खोट नाय."

तो भिंग चाचींच्याच हातात देतो. दोन बगळ्यांचे डोळे म्हणजे नुसते काळे ठिपके. तिसऱ्याच्या बुबुळात पांढरा कण. गणपतीच्या डोळ्यात तुम्ही ठेवायचात तोच. त्याच्याशिवाय मूर्ती बघत नाही, म्हणायचात. अहो बाबा, लपवायला बसलात आणि बगळ्यालाही नजर देऊन मोकळे झालात!

"बाबांनी रंगवलंय ते," मी म्हणाले. तो माणूस म्हणाला, दुरुस्तीची नोंद करू, ताटाचं काही बिघडत नाही. ताटाचं बिघडत नव्हतंच. चाचींनी भिंग खाली ठेवलं. "फुटलं तर फुटलं. पन भाऊंनी मला सांगितलं नाय गो," म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. चहा देताना दरवेळी त्या तुमची एखादी आठवण काढतात. काल काढली नाही.

चहा संपेपर्यंत मला बोलता आलं असतं. नंतर एसटी स्टँडवर मी तासभर बसले होते, चाचींचं घर तिथून दहा मिनिटांवर. पेणची गाडी लागली आणि मी चढले. हे पत्र तुम्हाला कशाला हवंय? तुम्हाला तर ओल्या बाह्यांवरूनच सगळं कळलं होतं. ज्यांच्या हातात ते द्यायला हवं, त्या रोह्याला आहेत, त्यांना वाचता येतं, चष्माही नवा केलाय.

बाबा, मी काल तुमचं नाव सांगितलं. माझं सांगितलं नाही.