शेफालीची उजेडाची फणी

हडपसर, पुणे

आदरणीय रामदासभाऊ,

सविनय जय भीम. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का? आम्ही इकडे ठीक. फोनवर तुम्ही माझं वाक्य पुरं होऊ देत नाही, म्हणून हे पत्र.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे तुमच्या लेकीला समजवायला तिच्या प्रयोगशाळेत गेलो. (“उजेड मोजून पोट भरत नाही, नागपूरला ये, बँकेची परीक्षा दे,” हे तुमचं बोलणं बसमध्ये पाठ केलं होतं.) शेफालीनं आधी चपला काढायला लावल्या, माझ्या डोळ्यांवर जाड रंगीत चष्मा चढवला आणि म्हणाली, “काका, टेबलाला हात लावायचा नाही.” कारखान्यात जन्मभर मायक्रोमीटर धरलेला माणूस मी, मला मोजमाप शिकवते! समजुतीला सुरुवात करायची म्हणून ऐटीत कोपर टेकलं, ते नेमकं त्याच टेबलावर. पडद्यावरची सरळ रेघ उधळली. तिचा सहकारी पुष्कर डोकं धरून खाली बसला. सकाळपासून जुळवलेलं सगळं गेलं होतं. शेफाली ओरडली नाही हो. “काका, स्टुलावर बसा. बोलू नका,” एवढंच. (मी बसलो. बोललो नाही. आमच्या घरात हे अजून कुणालाही जमलेलं नाही.)

मग ती एकेक आरसा केसभर फिरवत राहिली आणि मधूनमधून मला दबक्या आवाजात सांगत राहिली. उजेडाची लाट सेकंदाला इतक्या वेळा थरथरते, की ते थेट मोजणारं यंत्रच नाही. म्हणून लेसरच्या उजेडाची फणी करायची. दातांमधलं अंतर सारखं, प्रत्येक दाताची थरथर आधीच ठाऊक. अनोळखी उजेड जवळच्या दाताशी ताडून पाहायचा. फरक लहान असतो, तो मोजता येतो. भाऊ, दुपार कलली तरी पोरीनं चहा घेतला नाही. अखेर रेघ सरळ झाली आणि आकडा उमटला, चांगला पंधरा आकडी! मी टाळ्या वाजवणार होतो, पण टेबल आठवलं.

“हाच खरा ना?” मी विचारलं.

“आत्ताच कसं सांगू? उद्या पुन्हा मोजू. परवा पुन्हा.”

इतकं शांतपणे म्हणाली, की बसमध्ये पाठ केलेलं सगळं मी तिथंच सोडून दिलं. आपल्या घरातली पोर आहे ही, भाऊ.

आपला धाकटा,
अनिरुद्ध

ता. क. बँकेचा विषय मी काढलाच नाही. तुम्हीही काढू नये, ही विनंती.

आणखी ता. क. निघताना शेफाली गेटपाशी म्हणाली, “काका, बाबांना सांगा, मी येत नाही. त्यांनाच इकडे पाठवा.” म्हणजे पोरीला सगळं ठाऊक होतं. तुमचं शनिवारचं तिकीट काढलं आहे. परतीचं काढलेलं नाही.