पाचवं घर

नळदुर्ग,
गुरुवार, १५ डिसेंबर १९६६

चिरंजीव वॉल्टर यास रामलिंगकाकाचे पोटातून आशीर्वाद.

इकडं आम्ही खुशाल. आमच्या गल्लीतलं बिऱ्हाड हलवून गेलास, तो तूही तुळजापुरात सुखरूप असशील असं धरून चालतो. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. बाराखडी तुला मीच शिकवली, तेव्हा तू कुठं अडशील ते मला ठाऊक. जोडाक्षर दिसलं की बुजतोस. तरी स्वतःच वाच, दुसऱ्याकडून वाचून घेऊ नकोस.

तू बांधून दिलेल्या खुराड्यातल्या कोंबड्या अंडी देऊ लागल्या. रोज तीस-बत्तीस. तुझी काकू नागूबाई पहिल्या दिवशी टोपली घेऊन सगळ्या आळीला दाखवत हिंडली. आमच्या चुलीवर अंडं चढत नाही, पण मिरवायला काय जातंय! सगळी हमरस्त्यावरच्या ढाब्यावर जातात. ट्रकवाले चवीनं खातात म्हणे. यंदा ज्वारी गुडघ्याच्या वर गेली नाही, त्यात एवढाच काय तो आधार.

कानावर आलं की तू महिनाअखेर गाशा गुंडाळून मायदेशी चाललास. आम्हाला कोंबड्या पाळायला शिकवायला दोन वर्षांसाठी आलास, ती मुदत संपायला वर्ष आहे ना रे अजून?

तू मला एकदा विचारलं होतंस, "काका, आम्ही जगाला धान्य देतो, दूधपावडर देतो, तरी लोक आमच्यावर चिडतात का? आमच्या कचेऱ्यांवर दगड का मारतात?" मी विडी ओढत बसलो. उत्तर होतं, पण पाहुण्याला कसं सांगायचं? गिळलेलं बोलणं पोटात आंबतं, आणि मग नको तिथं ओकलं जातं. म्हणून आता निवांत सांगतो.

जगाचं मला काय कळतंय! शाळा पाहिली नाही. पुडीचे कागद जुळवून वाचायला शिकलेला माणूस मी. पण आमच्या गल्लीचं सांगतो. रेशनवर तुमची तांबडी ज्वारी आली, मिलो. गल्लीतल्या बंडप्पानं रेशनच्या दुकानात तुला विचारलं, "वालटरराव, तुमच्याकडं हिची भाकर कशी थापत्यात?" तू सरळ माणूस. म्हणालास, "आमच्याकडे ही जनावरं खातात." सगळे हसले, तूही हसलास. त्या दिवशी घरी गेल्यावर कुणाच्या गळ्याखाली घास उतरला नाही.

मग पेपरात यायचं की तुमच्या सरकारनं जहाज अडवून धरलंय, आम्ही नीट वागलो तर सोडणार. उपाशी माणसाला ताटावर बसवून अक्कल शिकवू नये. त्याला भुकेपेक्षा ती अक्कल जास्त टोचते. निजामाच्या राज्यात आम्ही हेच सोसलं. जहागीरदार दुष्काळात धान्य वाटायचा, पण जोडे काढून, मान खाली घालून उभं राहावं लागायचं. त्या धान्यानं जगलेला एकही माणूस मला त्याचं नाव प्रेमानं घेताना आढळला नाही. तुमचे सगळेच तसे आहेत असं मी म्हणत नाही. तू तर मुळीच नाहीस.

आता नवरात्रातल्या त्या शुक्रवारचं.

नागूबाईचा नवस होता. तो फिटायला पाच घरी जोगवा मागायचा होता. आई भवानीच्या नावानं परडी घेऊन दारात उभं राहायचं. घरच्यांनी चिमूटभर, मूठभर वाढायचं, बस. राजाची राणीसुद्धा जोगवा मागते. त्यात मागणारा लहान नाही की देणारा मोठा नाही. चार घरं झाली आणि पाचव्याला ती आमच्याच गल्लीतल्या तुझ्या दारी आली. तिनंच ठरवलं होतं. म्हणाली, "त्याची आई तिकडं लांब. त्याच्या घरचीबी मूठ परडीत पडाय पायजे की."

तुला वाटलं, बाई उपाशी आहे. घरातलं मिलोचं अख्खं पोतं, त्यावर तुमच्या देशाचं नाव न् दोन हात मिळवलेलं चित्र, ते उचलून तू तिच्या पुढ्यात ठेवलंस. ती हसली होती रे! रागावली नव्हती. मागून मी आलो आणि मी पोतं लाथाडलं. चारचौघांत काय बोललो ते तुला कळलं नसेल अशी आशा होती. पण मराठी मीच शिकवली ना.

"रणगाडे त्यांना, आणि आम्हाला जनावरांचा दाणा!"

नवस कशाचा होता ते तुला कुणी सांगितलं नाही. आमचा बब्रुवान गेल्या वर्षीच्या लढाईत पंजाबच्या सीमेवरून जिता परत यावा, त्याचा. तो आला. एक पाय तिकडं ठेवून आला. समोर शत्रूचे रणगाडे होते, ते तुमच्याच कारखान्यातले, तुम्हीच त्यांना दिलेले. तू आलास तेव्हा तो पुण्याच्या लष्करी दवाखान्यात होता आणि मी तुला म्हणालो होतो, पोरगा नोकरीला आहे. एवढंही तुला सांगवलं नाही मला.

आणखी एक, हे नागूबाईलाही ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन सांडलेली ज्वारी मीच सुपात भरून आणली. बाजारातून आणली म्हणून सांगितलं. पंधरा दिवस आम्ही तीच खाल्ली. माझा निम्मा राग तुमच्यावर होता, पण निम्मा आपल्याला मागावं लागतं याचा होता. तो कुणावर काढणार? तू समोर सापडलास.

दिवाळीला बब्रुवान लाकडी पाय लावून घरी आला. कोंबड्या आता तोच बघतो. त्याला सगळं सांगितलं तेव्हा म्हणाला, "दादा, त्या रणगाड्यात वालटर बसला व्हता व्हय? आन् आमी तरी काय फुलं उधळत व्हतो?"

पाचवं घर राहिलंय. पुजारी म्हणाले, दुसऱ्या कुठल्याही दारी मागा, चालेल. नागूबाई ऐकेना. "ज्याच्या दारातनं परडी रिकामी आली, त्याच्याच दारी भरल. आन् तुमी संगं यायचं."

तेव्हा येत्या मंगळवारी सकाळच्या एसटीनं, बब्रुवान धरून, आम्ही तिघं तुळजापूरला येतोय. तुझं मन झालं नाही तर दार लावून घे. आम्ही देवीचं दर्शन घेऊन माघारी फिरू, रुसणार नाही. उघडलंस तर घरात असेल ते, तांदूळ, पीठ, काहीही, मूठभर वाढ. त्याहून जास्त नको. आणि नंतर आमच्याबरोबर जेव, भाकरी बांधून आणतोय. लसणाची चटणीही आहे, तुझ्या डोळ्यांतून पाणी काढणारी.

मी आजवर कधी कुणापुढं परडी धरली नाही. मंगळवारी नागूबाईच्या शेजारी उभा राहून मीच धरणार आहे.

तुझ्या दारी मागायला येणारा,
रामलिंगकाका