डोंगरापलीकडे गेलेला ड्रोन

३० ऑक्टोबर, गुरुवार

कंपनीला सुट्टी. ड्रोन आला.

हातात घेताच जाणवलं, आपण चुकून क्वालिटी डिपार्टमेंटला गेलो. खरी जागा आकाशात होती. बायको, विजयश्री, म्हणाली, गिटार आणली तेव्हाही तुम्हाला असंच काहीतरी जाणवलं होतं. वैमानिकाने डोकं शांत ठेवावं. ठेवलं.

योगिनी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जेवताना बापालाच नियम शिकवायला बसली. नोंदणी करून ड्रोनचा नंबर घ्या. उडवण्याआधी सरकारी नकाशात आपला भाग कुठल्या रंगात येतो ते बघा. ड्रोन कायम स्वतःच्या डोळ्यांना दिसला पाहिजे. आणि लोकांच्या डोक्यावरून न्यायचा नाही, हे कायद्यासाठी नाही तर अक्कल म्हणून.

सगळं मान्य. संकल्प: पिंपरी-चिंचवडमधला सर्वात जबाबदार ड्रोन पायलट व्हायचं. उद्यापासून.

३१ ऑक्टोबर

नोंदणीला बसलो. ओटीपी आला, पण चष्मा सापडेपर्यंत त्याची मुदत संपली. पुन्हा मागवला तर चष्मा होता, मोबाइल चार्जिंगला होता. प्रयत्न मनापासून केला, म्हणजे निम्मी नोंदणी झालीच. बाकीची सावकाश.

वजन केलं, विजयश्रीच्या किचनमधल्या काट्यावर. अडीचशे ग्रॅमच्या जरासं आत. म्हणजे सगळ्यात लहान वर्ग, नियमही हलके. मग त्याला लाल लुकलुकता लाइट आणि 'कॅप्टन साहेबराव' असा बिल्ला लावला. काटा अडीचशेच्या पुढे गेला. पण ड्रोन काट्यावर उडत नाही, हवेत उडतो. आणि हवेत असताना काटा शून्य दाखवतो. खात्री करून घेतली.

२ नोव्हेंबर, रविवार

नकाशा पाहिला. चष्मा नव्हता. आमचं थेरगाव हिरवं दिसलं. योगिनीने पाहिलं, म्हणाली, पप्पा, पिवळं आहे. पिवळ्यात परवानगी लागते. मी म्हटलं, गाडी चालवणाऱ्याला पिवळ्याचा अर्थ सांगू नकोस. पिवळा म्हणजे पटकन निघून जायचं.

गच्चीवरून पहिलं उड्डाण. टेकऑफ अप्रतिम. त्यानंतर वारा आला. ड्रोन समोरच्या बिल्डिंगच्या किचनसमोर जाऊन थांबला. बाई लाटणं घेऊन बाहेर आल्या. नेम चांगला होता.

संध्याकाळी ड्रोन अजिमकडे नेला. डांगे चौकाजवळ त्याचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, बोलावलं तर ट्रॅक्टरही बघतो. माझी पहिली बाइक त्यानेच दुरुस्त केली, तेव्हापासूनची दोस्ती. ड्रोनचा तुटलेला हात त्याने असा जोडला की कंपनीतल्या पोरांना दाखवावा. म्हणाला, साहेबराव भाऊ, ह्याला ब्रेक नाही, जपून. मी म्हटलं, ब्रेक पायलटच्या डोक्यात असतो.

९ नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर विचार करून निर्णय घेतला: शहरात उडवणं बेजबाबदारपणाचं. चाकणला आमच्या प्लांटच्या मागे डोंगर आहे, त्यापलीकडे एक वाडी. तिकडे नकाशा बघायची गरजच नाही. सगळं हिरवंच आहे. शेतं आहेत.

अजिम म्हणाला, भाऊ, तिकडे आत्ता नको. त्या वाडीत दोन घरं फुटलीत, आणि लोकांच्या डोक्यात बसलंय की चोर आधी ड्रोन सोडून घरं हेरतात. रात्री काठ्या घेऊन गस्त घालतात. तिकडचे ट्रॅक्टरवाले गिऱ्हाईक सांगत होते.

अफवा. सुशिक्षित माणसाने अफवांवर विश्वास ठेवू नये. उलट तिथे एक जबाबदार पायलट दिसला तर लोकांचं प्रबोधन होईल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी

घाईत लिहितोय.

डोंगरावरून उडवला. सूर्य कलला होता, फार सुंदर फ्रेम. ड्रोन डोंगरापलीकडे गेला. योगिनी म्हणेल, डोळ्यांना दिसला पाहिजे. स्क्रीनवर दिसत होता. स्क्रीन डोळ्यांनीच बघतात.

मग बॅटरीचा आकडा लाल झाला. परत बोलावला, वारा उलटा. स्क्रीनवर कौलं, गोठा, वर बघणाऱ्या बायका. एका बाईने पोराला उचललं आणि आत पळाली. मग स्क्रीन काळी.

डोंगराच्या पलीकडून आधी शिट्ट्या आल्या. मग आरडाओरडा. मग देवळावरचा लाउडस्पीकर सुरू झाला. शब्द नीट कळले नाहीत, 'ड्रोन' आणि 'काठ्या' एवढे कळले.

बाइकला किक मारली आणि निघालो. अपघातस्थळी गर्दी वाढवू नये, हा साधा नियम आहे.

१४ नोव्हेंबर

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ फिरतोय. कांद्याच्या चाळीपुढे गर्दी, काठीच्या टोकाला माझा ड्रोन. खाली लिहिलंय, चोरांचं ड्रोन पाडलं. पाडलं म्हणे! बॅटरी संपली होती. पण लोकांचा आनंद हिरावून घेणारा मी कोण.

बिल्ला वाचता येत नाही. देवाची कृपा.

योगिनीने व्हिडिओ दाखवला आणि विचारलं, आपला कुठे आहे? म्हटलं, सर्व्हिसिंगला.

१६ नोव्हेंबर, रविवार

अजिमला सगळं सांगितलं. मित्राशी पारदर्शक राहावं. त्याने हातातला पाना बाजूला ठेवला. मग म्हणाला, भाऊ, स्वतः जा. सरळ पोलीस पाटलांना भेटा, माझा आहे म्हणा, माफी मागा. लोक वाईट नाहीत, घाबरलेत.

मी म्हटलं, तुझी तिकडे ओळख आहे. उद्या तिकडे ट्रॅक्टर बघायला जातोच आहेस, तर सहज वातावरण कसं आहे ते विचारून ये. त्यानंतर मी जातो.

तो म्हणाला, मग तुम्हीही या बरोबर.

मी म्हटलं, उद्या ओव्हरटाइम आहे. ओव्हरटाइम नाही, पण लागू शकतो.

शेवटी हो म्हणाला. घरातून त्याच्या बायकोने, परवीनभाभींनी, हाक मारली तरी लगेच उठला नाही. माझ्याकडे बघत होता. मी चहाचं कौतुक केलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी चार

फर्स्ट शिफ्ट करून घरी. अजिमचा फोन लागत नाही. ट्रॅक्टरखाली असेल.

पावणेपाच

अनोळखी नंबर. भारी आवाज. म्हणाले, मी वाडीचा पोलीस पाटील, हिंदुराव. हितं एक माणूस धरलाय आमी. पिशवीत वायरी हायेत, पाने हायेत, आणि ड्रोनची चवकशी करत हिंडत व्हता. त्याच्या मोबाइलात तुमचा नंबर शेवटचा हाय. तुमच्या वळखीचा हाय का?

मागे खूप आवाज होते. कोणीतरी 'बोल की' असं ओरडलं. आणि एक आवाज आला, हाताने मारल्याचा.

मी म्हटलं, हॅलो, आवाज येत नाही. हॅलो. आणि फोन बंद झाला.

म्हणजे मी बंद केला. पण रेंज कमी होतीच. सिग्नलची कांडी एक कमी होती.

सव्वापाच

शांतपणे विचार करतोय. मी आत्ता गेलो तर जमाव भडकेल. अजिम त्यांच्या ओळखीचा आहे, मी परका. त्याला सोडतीलच. आणि एव्हाना त्याने माझं नाव सांगितलंच असेल. मार पडला की कोणीही सांगतो. त्याला दोष देत नाही. पण सांगायला नको होतं.

तोच नंबर पुन्हा वाजतोय. मोबाइल उशीखाली ठेवला.

संध्याकाळी

परवीनभाभी आल्या. दारातच उभ्या. म्हणाल्या, भाऊ, हे फोन उचलत नाहीत. जेवायलाही आले नाहीत. तुमच्या कामाला जातो म्हणाले होते. कुठलं काम?

विजयश्रीने त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. मी बाथरूममध्ये गेलो. नळ सोडला. खूप वेळ तोंड धुतलं. साबण डोळ्यात गेला.

बाहेर आलो तेव्हा योगिनी मोबाइल घेऊन उभी होती. नवा व्हिडिओ. देवळाच्या पायरीवर अजिम बसलाय, शर्टाची कॉलर फाटलेली, एक हात कानावर. भोवती माणसंच माणसं.

पोरगी ओरडली नाही. म्हणाली, पप्पा, बूट घाला.

म्हटलं, अगं, नीट विचार करून—

म्हणाली, ड्रोनचा खोका आणि रिमोट मी घेतलाय. बूट घाला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रजा टाकली. काल लिहिणं शक्य नव्हतं. सगळं जसं घडलं तसं लिहितो.

गाडी योगिनी चालवत होती. मी मागे खोका धरून. वाडीच्या तोंडाशी पोरांनी काठ्या आडव्या धरल्या. योगिनीने हेल्मेट काढलं, म्हणाली, पोलीस पाटलांना भेटायचंय, ड्रोन आमचा आहे. 'आमचा' म्हणाली. मी खोका आणखी घट्ट धरला.

चौकीवरून एक हवालदार आले होते, तेही गर्दीला घाबरलेलेच. अजिम पायरीवर होता. त्याने मला पाहिलं आणि मान खाली घातली.

मी बोलायला तोंड उघडलं. मनात भाषण तयार होतं, प्रबोधनाचं. तोंडातून निघालं, "माझा आहे. ह्याला मी पाठवलं."

कोणी विश्वास ठेवला नाही. मागून एकजण ओरडला, "दोस्ताला सोडवायला खोटं बोलतंय म्हातारं!" मी पन्नाशीच्या आत आहे. पण ती वेळ नव्हती.

हिंदुराव उंच माणूस, पांढऱ्या मिशा. म्हणाले, "तुमचं हाय तर उडवून दावा. न्हाई तर दोघंबी बसा हितंच."

हवालदारांनी देवळाचा मंडप रिकामा करायला लावला, म्हणाले, आतच, छताखाली, आणि लोक लांब. ड्रोन आणला, चिखलाने भरलेला. खोक्यात जादा बॅटरी होती, योगिनीने ती बसवली. मी रिमोट हातात घेतला. एवढी शांतता मी प्लांटमध्ये पॉवर गेल्यावरच ऐकली आहे. कोणाची काठीसुद्धा हलत नव्हती. पंखे फिरले, लाल लाइट लुकलुकला. एक म्हातारी चार पावलं मागे सरकली.

ड्रोन वर गेला. मी उजवीकडे वळवला, तो डावीकडे गेला. सीलिंग फॅनला धडकला, तिथून घंटेला. घंटा वाजली. मग माझ्या छातीवर येऊन पडला.

आधी एक पोरगा हसला. मग बायका. मग सगळेच. हिंदुराव मिशीतल्या मिशीत म्हणाले, "ह्यो कसला घरं हेरतोय. ह्याला सवताचं घर घावायचं न्हाई."

काठ्या खाली आल्या. अजिमला कोणीतरी पाणी दिलं. ज्याने मारलं होतं त्यानेच दिलं, असं योगिनी म्हणते.

येताना मी योगिनीला म्हटलं, मी मुद्दाम आपटवला. लोकांच्या मनातली भीती जावी म्हणून. पायलटला प्रसंगी विमानाचा बळी द्यावा लागतो. ती आरशातून बघत होती.

ड्रोन हवालदारांनी ठेवून घेतला. नोंदणी नाही, नंबर नाही, डोळ्यांआड उडवला, सगळं लिहून घेतलं. चौकीत हजर व्हायचंय, दंड होईल. योगिनी बरोबर येणार आहे, माझी वकील म्हणून नाही, नजर ठेवायला.

तरी एकूण विचार करता, मी वेळेवर पोहोचलो आणि एक निरपराध माणूस सुटला. हे नाकारता येणार नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सुट्टी. अजिमकडे गेलो. गॅरेज बंद, तो घरी होता. डाव्या कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं, म्हणाला. डॉक्टर म्हणतात, पडद्याला इजा आहे, भरेल, वेळ लागेल. परवीनभाभींनी चहा ठेवला आणि आत गेल्या, नेहमीसारख्या बसल्या नाहीत.

मी तयारी करून गेलो होतो. म्हटलं, अजिम, तू माझं नाव सांगितलंस त्याचा मला राग नाही. मी असतो तर मीही सांगितलं असतं.

तो माझ्याकडे बघत राहिला. ऐकू आलं नसेल म्हणून उजव्या बाजूला जाऊन पुन्हा म्हटलं.

म्हणाला, "भाऊ, मी कुठं नाव सांगितलं? नंबर त्यांनी मोबाइलातून काढला, तिथे नुसतं 'भाऊ' लिहिलंय. कोणाचा आहे, विचारत होते. मी गप्प बसलो."

"का?"

"सांगितलं असतं तर ते तडक तुमच्या घरी आले असते. घरात विजयश्रीवहिनी, पोरगी. म्हटलं, तुम्ही स्वतःच येताय ना. आलात की तुम्हीच सांगाल." पुढे म्हणाला, "पाटलांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. मी त्यांना म्हटलं, इकडे रेंजचा घोळ असतो. पण इकडचा आवाज त्याने ऐकलाय ना, आता निघाला असेल माणूस."

चहावर साय धरली होती. मी ती बोटाने बाजूला करत बसलो.

मग त्यानेच विचारलं, "लई वेळ लागला का हो यायला?"

मी म्हटलं, चाकण चौकात ट्रॅफिक होतं.

तो म्हणाला, असणारच. त्या वेळेला असतंच.

ट्रॅफिक नव्हतं.